बाळंतिणीचा डबा



घरात बाळ आलं की येणारा प्रत्येक माणूस आधी पाळण्याकडे जातो. बाळ कुणासारखं दिसतं, रात्री झोपतं का, वजन किती भरलं, सगळं विचारून होतं. बाळाची आई आज किती वाजता जेवली, हे विचारणारं माणूस मात्र विरळा. आज मला तिच्या जेवणाविषयी बोलायचं आहे, आणि तेही पैसे मोजून लावलेल्या, बाहेरून येणाऱ्या डब्याविषयी.

आम्ही तिलवाऱ्याला राहतो. जबलपूर शहर संपत आलं, मेडिकल कॉलेज मागे पडलं, की नागपूरच्या रस्त्यावर नर्मदेच्या काठी आमची वस्ती लागते. संक्रांतीला इथल्या घाटावर मोठा मेळा भरतो. गांधीजींच्या अस्थींचा काही भाग याच घाटावर विसर्जित झाला होता. जबलपुरात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कुणी नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आलं, कुणी पुढे इंग्रजी कचेऱ्यांत, कुणी रेल्वेत, कुणी गन कॅरेज फॅक्टरीत. त्यामुळे आमच्याकडच्या बाळंतपणाला दोन माहेरं असतात. मराठी स्वयंपाकघरातून डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, लसूण घातलेली शेपूची भाजी, बाजरीची भाकरी आणि जेवणानंतर बाळंतशोपा. शेजारच्या बुंदेली घरातून सुंठ-गुळाचा हरीरा, गोंदाचे लाडू आणि चरुव्याचं पाणी, म्हणजे नव्या मडक्यात औषधी घालून उकळलेलं पाणी.

हे सगळं ऐकायला फार छान वाटतं. पण हे करायला घरात किमान तीन-चार बायका असायच्या. आई, आत्या, मोठी जाऊ, शेजारच्या काकू. एक डिंक तळायची, एक खारीक कुटायची, एक बाळाला अंघोळ घालायची. बाळंतिणीच्या ताटामागे केवढे हात होते, हे ते हात नसल्यावर समजतं.

आमच्याकडे ते नव्हते. माझी पत्नी बँकेत आहे, मी रेल्वेत. तिला सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा मिळाली. मला केंद्र सरकारी कर्मचारी म्हणून नियमाप्रमाणे पंधरा दिवसांची पितृत्व रजा. सासूबाई नागपूरहून आल्या, सव्वा महिना राहिल्या, सगळं रीतसर केलं. पण नागपुरात सासऱ्यांची प्रकृती नाजूक, त्यांना किती दिवस एकटं ठेवणार? माझी आई अमरावतीला, गुडघ्यांनी थकलेली. सासूबाईंची गाडी सुटली आणि घरात आम्ही तिघं उरलो.

स्वयंपाक मला येतो आणि करायला आवडतोही. सकाळी कामावर जाण्याआधी वरण-भात, एखादी भाजी करून मी निघत असे. प्रश्न त्यानंतरचा होता. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पितं. म्हणजे आईला दर दोन-तीन तासांनी बसावं लागतं, आणि मधल्या वेळात झोप, अंघोळ, दुपटी. सकाळी सातला केलेली भाजी दुपारी एकला गरम करून घ्यावी, तेवढ्यात बाळ जागं व्हावं. मग ताट झाकून ठेवायचं आणि तीन वाजता गार घास गिळायचे. कधी दोन बिस्किटं आणि चहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज 600 कॅलरी जास्तीच्या लागतात. दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि एक लाडू, साधारण एवढं रोजच्या जेवणावर वरचं. ती मात्र रोजचंसुद्धा पुरं जेवत नव्हती. तिचा चेहरा उतरलेला मला दिसत होता. त्यावर उपाय शोधणं माझं काम होतं.

आधी आम्ही मोबाइलवरून मागवायची एक सेवा घेऊन पाहिली. बंद डबे, वर प्रथिनं किती, कॅलरी किती ते छापलेलं. आकडे बरोबर असतीलही. पण ग्रेव्ही रोज तीच, तेल वर तरंगणारं, आणि तिलवाऱ्यापर्यंत येईतो पोळ्या चिवट झालेल्या. कुणासाठी रांधतोय हे रांधणाऱ्याला माहीतच नसेल, तर छापलेला आकडा पोटात जाऊन काय करणार? आठवड्याच्या आत आम्ही ती बंद केली.

मग ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने जबलपूरच्या गढा भागातल्या एका दीदींचं नाव सुचवलं. त्या टिफिन सेंटर चालवतात, डबे बहुतेक शिकणाऱ्या मुलांचे. मी त्यांच्याकडे गेलो, तो स्वयंपाकघर बघायला मिळेल का हे विचारूनच. त्यांनी लगेच आत नेलं. दारावर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक लावलेला. पिण्याचं पाणी झाकलेलं. दोन मदतनीस बायका, डोक्याला रुमाल बांधून पोळ्या लाटत होत्या. घरी जच्चा, म्हणजे बाळंतीण आहे, पाजते आहे, असं सांगितल्यावर दीदींनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. बाळंतपण साधं की टाके पडलेत? पोट साफ होतं का? मिरची चालते का? तूप किती? रात्री किती वाजता भूक लागते? हा शेवटचा प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

डबा सुरू झाला. दुपारी मूगडाळ किंवा तूरडाळ, एक पालेभाजी, दुधी नाहीतर गिलके, चार पोळ्या, थोडा भात. संध्याकाळच्या डब्यात एक छोटी वाटी जास्तीची, तीत कधी हरीरा, कधी लापशी, कधी नुसते भाजलेले मखाणे. ही रात्रीच्या भुकेची सोय. पहिल्या दिवशी डबा घेऊन आलेल्या त्यांच्या मुलाने निरोप सांगितला, “अम्मा ने कहा है, बहू को पहले गरम-गरम खिला देना, बाकी सब बाद में।” पुढे पत्नीने फोनवरून त्यांना शेपूची भाजी कशी करायची ते सांगितलं, आणि मग ती आठवड्यातून एकदा येऊ लागली, आमच्यापेक्षा जरा जास्त लसूण घातलेली.

आईला हे फोनवर कळलं तेव्हा तिला वाईट वाटलं. “बाळंतिणीला बाहेरचं देता? परक्या हातचं?” तिच्या मनात राग नव्हता, काळजी होती. तिच्या काळी बाहेरचं म्हणजे हॉटेलचं, आणि हॉटेलचं म्हणजे बाळंतिणीला वर्ज्य. मी तिला आमच्या दारावरून जाणाऱ्या परिकम्मावासींची आठवण करून दिली. नर्मदेची परिक्रमा करणारी माणसं, त्यांत मराठी माणसं पुष्कळ, महिनोन्‌महिने चालतात, आणि काठावरची अनोळखी घरं त्यांना जेवू घालतात, शिधा देतात. त्याला सदाव्रत म्हणतात. ते अन्न माथ्याला लावून खायचं असतं. आई स्वतः त्या वाटेवर थोडी चाललेली आहे, तिला ते चटकन पटलं. अन्न परक्या घरात शिजलं म्हणून परकं होत नाही, ते कुणाची भूक समजून शिजवलंय यावर सगळं असतं.

शिवाय पैसे घेऊन जेवू घालणं ही मराठी मुलखाला नवी गोष्ट नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, साताऱ्याकडून आलेले हजारो कामगार बायका-मुलं गावी ठेवून राहत. त्यांना दोन वेळा जेवू घातलं ते खानावळवाल्या बायकांनी. दहा बाय दहाच्या खोलीत, पहाटेपासून, पाळीच्या भोंग्याबरोबर ताटं वाढत. पैसे महिन्याअखेरीस मिळायचे, वाण्याचं देणं मात्र आधी. मग सावकार, आणि त्याचं भारी व्याज. संपाच्या दिवसांत याच बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं. इतकं करून त्यांची गणना ना कामगारांत, ना उद्योजकांत. हे ज्यांच्या मनाला लागलं त्या प्रेमाताई पुरव. गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम केलेल्या. 1975 साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 मध्ये झालं होतं, आणि गरिबांना कर्ज द्यायचं बँकांनी कबूल केलं होतं. प्रेमाताईंनी खानावळवाल्यांचे गट केले, एकमेकींची हमी घ्यायला लावली आणि तारणाशिवाय बँकेचं कर्ज मिळवून दिलं. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या खानावळीही कोलमडल्या. अन्नपूर्णा मात्र टिकली. कचेऱ्यांना, समारंभांना जेवण पुरवू लागली. 2002 साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. पोळी-भाजी विकत घेताना आपण घासाघीस करतो, तेव्हा मला त्या दहा बाय दहाच्या खोल्या आठवाव्यात असं वाटतं.

हे मी पत्नीला सांगितलं आणि तिने ते आपल्या पद्धतीने पुढे नेलं. 2015 पासून मुद्रा योजनेच्या शिशु गटात छोट्या धंद्याला पन्नास हजारांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. तिने दीदींना त्याची कागदपत्रं समजावून सांगितली. दीदींनी कणीक मळायचं यंत्र घेतलं. वर्षानुवर्षं पहाटे उठून परातभर कणीक मळून त्यांचे खांदे भरून यायचे, ते आता थांबलं आहे.

पूर्वेकडे तैवानमध्ये बाळंतिणीसाठी डबे पुरवणं हा एक मोठा व्यवसायच आहे. बाळंतिणीने महिनाभर विसावा घ्यायचा, ही तिथली जुनी चाल. पूर्वी सासू किंवा आई रांधायची. आता महिन्याभराचं जेवण पोहोचवणारी स्वयंपाकघरं आहेत. पहिल्या आठवड्यात हलकं, नंतर जड, असा क्रम ठरलेला, आणि आलं घालून तिळाच्या तेलात शिजवलेली कोंबडी हा नावाजलेला पदार्थ. चाल जुनी ठेवली, फक्त करणारे हात बदलले. आपल्याकडे हे का होऊ नये? डिंक, अळीव, सुंठ, खारीक यांचं शहाणपण आपल्यापाशी आहे, ते जाणणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत, आणि गरम जेवणाच्या ताटापासून वंचित असलेल्या लेकुरवाळ्याही गल्लोगल्ली आहेत.

आता थोडं काळजीचं. शिजलेलं अन्न 5 ते 60 अंशांच्या मधल्या तापमानात राहिलं की त्यात जंतू वेगाने वाढतात. साधारण दोन तासांच्या आत ते खावं किंवा फ्रीजमध्ये ठेवावं, आणि मे महिन्यातल्या जबलपूरच्या उन्हात तर तासाभरातच. भाताची काळजी जास्त घ्यायची, कारण त्यातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत, आणि बाहेर राहिलेल्या भातात त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. दीदी भात सगळ्यांत शेवटी उतरवतात, हे मला म्हणूनच मोलाचं वाटतं. डबा किती वाजता शिजला हे विचारायला संकोच करू नका. चांगली रांधणारी बाई या प्रश्नाने दुखावत नाही.

आणि पथ्याविषयी. हरभऱ्याची डाळ नको, कोबी नको, बाळाला वात होईल, असं सांगणारे खूप भेटतात. आईच्या पोटातला वायू दुधात उतरत नाही. डॉक्टरांनी काही खास कारणाने मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर तिला जे रुचतं, पचतं, ते तिला खाऊ द्या. नको म्हणणाऱ्यांच्या यादीतून उरलेल्या दोन भाज्यांवर तिने सहा महिने काढायचे, हा अन्याय आहे.

ज्यांच्या घरी आता बाळ यायचं आहे, त्यांना माझी एक सूचना आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होईल. ओटीबरोबर साड्या येतील, चांदीच्या वाट्या येतील. त्या येऊ द्या. पण मावशा, आत्या, मित्र यांनी मिळून दोन महिन्यांच्या डब्याचे पैसे आधीच भरून द्यावेत. कुठल्या दीदी, कुठल्या काकू डबा देणार, ते तेव्हाच ठरवावं. त्यांना डोहाळजेवणालाच बोलवावं, होणाऱ्या आईच्या शेजारी बसवावं, आणि तिला काय आवडतं, काय सोसत नाही, हे त्या दोघींनी एकमेकींशी बोलून घ्यावं. पैसे महिन्याच्या सुरुवातीला द्यावेत, कारण किराणा त्यांनाही सुरुवातीलाच भरावा लागतो. दुपारी डबा येईल त्या वेळी घरात आणखी एक माणूस असेल, अशी पाळी लावावी; आजोबा, आत्या, शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी, कुणीही. डबा उघडला की ताट आधी बाळाच्या आईचं वाढायचं, आणि तिचं जेवण होईपर्यंत बाळ त्या दुसऱ्या माणसाने घ्यायचं.