माणसावरील जकात

(उदगीर येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उदगीर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत आणि तेथे मालावर जकात घेतली जाई. आज श्रीमंत राष्ट्रांच्या वेशीवर जी वसुली चालली आहे ती मालावर नसून माणसावर आहे, आणि तिचा दर ठरतो तो प्रवासी कोणत्या देशाचा नागरिक आहे यावर.

या वसुलीचे नवे साधन म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवाना. ज्यांना व्हिसा माफ आहे अशांनीही निघण्यापूर्वी अर्ज करून शुल्क भरावयाचे. ब्रिटनने ते एप्रिल २०२५ मध्ये १० पौंडांवरून १६ वर नेले. अमेरिकेने त्याच वर्षी सप्टेंबरअखेर २१ डॉलरचे ४० केले. युरोपीय संघाने तर योजना सुरू होण्याआधीच ७ युरोंचे २० ठरवून टाकले!

भारतीय नागरिकाला ही स्वस्त खिडकीही खुली नाही. त्याला व्हिसाच काढावा लागतो. जून २०२४ मध्ये युरोपातील शेंगेन देशांनी त्याचे शुल्क ९० युरो केले, म्हणजे सुमारे नऊ हजार रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. एका अर्जापायी एकोणतीस दिवसांचे श्रम! अर्ज फेटाळला गेला तर त्यातील कवडीही परत मिळत नाही. छाननीला खर्च येतो, हे म्हणणे खोटे नाही. पण सेवेचे मोल आणि सत्तेची खंडणी यांत फरक असतो, आणि ज्याला दाद मागण्याचे बळ नाही त्याच्याकडून घेतलेली रक्कम खंडणीच्याच जवळ जाते.

आपले सरकारही या व्यवहारात सोवळे नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये भारताने परदेशी पर्यटकांसाठी अशीच पद्धत सुरू केली आणि पुढील वर्षी देशादेशांप्रमाणे शून्य, २५, ४८ व ६० डॉलर असे दर लावले. वेरूळची लेणी पाहावयास आलेले दोन पाहुणे एकाच दारातून वेगवेगळे मोल देऊन आत आले.

परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये दिला. तरीही १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली, दहावी न झालेल्या कामगाराला सौदी अरेबिया, कुवेत, कतार अशा देशांत नोकरीस जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी घ्यावी लागते असा नियम झाला. ही अट मोडीत काढा, असे म्हणणे अविचाराचे होईल. करार तपासला गेल्याने कित्येकांची फसवणूक टळू शकते. दुखणे निराळे आहे. मंजुरीची वाट अवघड वाटली की मजूर दलालाकडे वळतो, आणि पर्यटक व्हिसावर पाठविला गेलेला मजूर त्या संरक्षणालाच मुकतो. या कायद्याखालील नियमांनी परवानाधारक एजंटाच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी बांधली. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी हा आकडा मजुरांना सांगावा, आणि एजंटाचा परवाना पाहिल्यावाचून व पावती घेतल्यावाचून कोणी पैसे देणार नाही हे पाहावे.