डिझेल घ्यावे की पेट्रोल?

श्रोतेहो, चाकणच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ-एन दोन्ही इंजिनांत निघते. मग कर्ज काढून घ्यायची कोणती? पेट्रोल पेटते ठिणगीने. डिझेलला ठिणगी लागतच नाही; हवाच इतकी दाबतात, की त्या तापल्या हवेत तेल शिरताच भडकते. म्हणून ते इंजिन कमी फेऱ्यांतही जोर देते, अन् तेल कमी पिते. भरला ट्रक घाट चढतो तो यामुळेच.

पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, आणि डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी बसली. ती काजळी जळून जायला गाडी सलग, वेगात धावावी लागते. घर ते शाळा एवढीच रोजची धाव असेल, तर गाळणी तुंबते. वाचलेले पैसे गॅरेजात जातात. गुरुजी, तुम्ही खुशाल पेट्रोल घ्या! भाजी भरून मंचरहून वाशीच्या बाजारात जाणाऱ्याला मात्र डिझेलच परवडते.