सभा ऑनलाइन घ्यायची, पण कशावर?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सभागृहात झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा परदेशी फोन म्हणजे कोपऱ्यावरचा पीसीओ आणि डोळ्यांसमोर पळणारे बिलाचे आकडे. आज आपल्याकडच्या आजी पोळ्या लाटता लाटता नातवाचा चेहरा बघतात. घरापुरता हा प्रश्न सुटलाय. सोसायटीचा मात्र सुटलेला नाही.

आपले कितीतरी फ्लॅटमालक नोकरीसाठी बंगळुरूला, दुबईला, न्यू जर्सीला आहेत. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची वर्गणी ठरते, लिफ्ट बदलायची ठरते, आणि त्यांना कळतं ते थेट बिल आल्यावर. मग ग्रुपवर वादावादी. सहकार कायद्यात मत स्वतःच द्यायचं असतं, प्रॉक्सी चालत नाही. त्यामुळे या माणसांना निदान चर्चेत तरी बसता यावं, अशी मागणी आली आणि ती रास्त आहे. ऑनलाइन हजेरी आणि मतदान कितपत ग्राह्य धरायचं, ते समितीने उपनिबंधक कार्यालयाला लेखी विचारून घ्यावं. मी बोलणार आहे ते साधनाबद्दल. कुठली सेवा निवडायची? त्यासाठी दर्जा, खर्च आणि खासगीपणा, या तीन गोष्टी बघायच्या.

आधी दर्जा. आपल्याला वाटतं, चित्र स्वच्छ हवं. मी म्हणतो, आधी आवाज स्वच्छ हवा. खजिनदारांचा चेहरा धूसर दिसला तरी हिशेब कळतो, पण आवाज तुटला तर सभाच तुटते. झूम, गूगल मीट, टीम्स या सगळ्यांचं तंत्र साधारण सारखं आहे. आपला फोन आपलं चित्र प्रत्येकाला वेगवेगळं पाठवत नाही. तो एकच प्रत मधल्या सर्व्हरला देतो आणि सर्व्हर ती सगळ्यांना वाटतो. म्हणून चाळीस माणसं असली तरी आपल्या फोनवर चाळीसपट भार येत नाही. बहुतेक वेळा अडतं ते आपल्या घरात. राउटर हॉलमध्ये आणि आपण बेडरूममध्ये दार लावून! शिवाय आपण इंटरनेटचा वेग विचारतो तो डाउनलोडचा. आपला आवाज बाहेर जातो तो अपलोडवर.

डेटाचा हिशेबही सोपा आहे. एक एमबीपीएस वेगाने चित्र येत असेल, तर तासाला साधारण साडेचारशे एमबी खर्च होतात. आपलं चित्र पाठवायला लागतात ते वेगळे. मोबाइलच्या रोजच्या एक-दीड जीबीत राहणाऱ्याने कॅमेरा बंद ठेवून ऐकावं, काही बिघडत नाही. आणि सभागृहात एकच लॅपटॉप, एकच माइक. शेजारी बसून दोघांनी फोनवर तीच सभा लावली की आवाज घुमतो आणि कानात कुंईऽऽ होतं. तो दोष कंपनीचा नसतो.

आता खर्च. ‘फुकट’ हा शब्द ऐकला की आपले कान टवकारतात, तेव्हा मर्यादा ऐकून घ्या. झूमची फुकट सभा चाळीस मिनिटांत बंद होते. गूगल मीटवर तीन किंवा अधिक माणसं असली की साठ मिनिटं. दोन्हीकडे शंभर जणांपर्यंत सोय आहे. आपली वार्षिक सभा चाळीस मिनिटांत मागच्या इतिवृत्ताच्या वाचनापलीकडे कधी गेली आहे का? (हशा) पार्किंगच्या विषयावर ऐन रंगात आलेली सभा बंद पडायची, पुन्हा लिंक पाठवायची, आणि दहा ज्येष्ठ मंडळी बाहेरच राहायची. जित्सी मीट नावाची खुल्या स्रोताची सेवा आहे. तिच्यावर असं मिनिटांचं बंधन नाही, पण सभा सुरू करणाऱ्याला खात्याने लॉगिन करावं लागतं. आणि मोठ्या सभेआधी तिची तालीम घ्यावीच.

पैसे भरायचे तर लक्षात ठेवा, शुल्क यजमानाचं असतं, येणाऱ्यांचं नव्हे. ऐंशी सभासदांना ऐंशी परवाने लागत नाहीत, एकच लागतो. आपल्याला मोठी सभा वर्षातून एक-दोनदा. मग वर्षभराचं शुल्क कशाला? एक महिन्याचं घ्यावं आणि सभा झाली की आपोआप होणारं नूतनीकरण आठवणीने बंद करावं. खातं मात्र सचिवांच्या खासगी ईमेलवर नको. पाच वर्षांनी समिती बदलते; चाव्या-कागदपत्रांबरोबर पासवर्डही नव्या सचिवांच्या हाती गेला पाहिजे.

तिसरी गोष्ट खासगीपणाची, आणि माझ्या मते ती सगळ्यात मोठी. आपल्याला वाटतं, आपल्या सभेत लपवण्यासारखं काय आहे? आहे ना. थकबाकीची यादी आहे. एखाद्या घरात आजारपण आहे, एखाद्याची नोकरी गेली आहे, म्हणून हप्ते थकलेत. सभागृहात ते पन्नास ओळखीच्या माणसांत बोललं जातं आणि तिथेच राहतं. ऑनलाइन तेच रेकॉर्ड झालं, तर संध्याकाळपर्यंत नात्यागोत्यात फिरतं. पंचवीस वर्षं जिन्यात हसून बोलणाऱ्या माणसाने मान खाली घालून जावं, हे कुठल्याही सोयीच्या बदल्यात परवडणार नाही.

म्हणून तीन प्रश्न विचारायचे. आत कोण येतंय? वाटेत कोण ऐकू शकतं? मागे काय उरतं?

आत येण्यासाठी वेटिंग रूम चालू ठेवावी. नावासोबत फ्लॅट क्रमांक असेल त्यालाच प्रवेश. २०२० साली झूमच्या सभांमध्ये अनोळखी लोक घुसून धिंगाणा घालत होते, ते उघड्या लिंकमुळेच. लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकली की ती ब्रोकरपर्यंत पोचलीच म्हणून समजा.

वाटेतल्या ऐकण्याचं असं आहे. काही सेवांमध्ये पाकीट इथे बंद होतं ते थेट समोरच्याच्या हातातच उघडतं. याला एंड-टू-एंड म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नलवर हे मुळातच असतं. बाकी ठिकाणी वाटेवर कुलूप असतं, पण कंपनीच्या सर्व्हरवर किल्लीही असते. झूमने आपली सेवा एंड-टू-एंड असल्याचं सांगितलं होतं. ते खरं नव्हतं, असं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने म्हटलं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तडजोड झाली. आता झूमवर ती सोय खरोखर आहे, पण आपण चालू करावी लागते आणि मग साध्या फोनवरून डायल करून सभेत येता येत नाही. म्हणजे ज्येष्ठांचा विचार आधी करावा लागेल.

मग व्हॉट्सअ‍ॅपच का नको? एक तर मर्यादा बत्तीस जणांची. दुसरं म्हणजे तिथे आपला नंबर सगळ्यांना दिसतो. आपल्याकडे एकट्या राहणाऱ्या भगिनी आहेत, भाडेकरू मुली आहेत. कंपनीपासून खासगीपणा मिळाला आणि शेजाऱ्यांपासून गेला, असं व्हायला नको.

आणि मागे काय उरतं? नियमाने चित्रीकरण लागतं तिथे ते करावंच. एरवी रेकॉर्डिंग बंद, आपोआप टिपण काढणारी ए. आय. सोय बंद, इतिवृत्त आपल्या नेहमीच्या वहीत. थकबाकीचे आकडे पडद्यावर दाखवू नयेत. दुसऱ्या फोनने कोणी पडद्याचा फोटो काढला तर कुठलंच सॉफ्टवेअर अडवू शकत नाही. तिथे शेजारधर्मच कामाला येतो.

तेव्हा माझी सूचना अशी. महिला मंडळ, गणेशोत्सवाची तयारी, घरचे वाढदिवस यांना व्हॉट्सअ‍ॅप उत्तम. समितीच्या छोट्या बैठकांनाही तेच किंवा सिग्नल. सर्वसाधारण सभेसाठी सोसायटीच्या नावावर झूम किंवा मीटचा एक महिन्याचा परवाना. कुठल्याही एका सेवेच्या प्रेमात मात्र पडू नका. एवढं नावाजलेलं स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं. सभासदांचे पत्ते आणि ईमेल आपल्या नोंदवहीत असले, की सेवा उद्या बदलता येते.

वेळेचंही बघा. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होते. रविवारी सकाळी दहाला घेतली, तर न्यू जर्सीत मध्यरात्रीचे साडेबारा. संध्याकाळी साडेसहाला घेतली तर तिथे सकाळचे नऊ, लंडनला दुपारचे दोन, दुबईला पाच. आपल्याला तेवढाच चहा एक तास उशिरा मिळेल.

सभेच्या आधीच्या रविवारी एक तालीम ठेवू. मुलांनी प्रत्येक मजल्यावरच्या आजी-आजोबांच्या फोनवर लिंक उघडून दाखवावी, माइक कुठे दाबायचा ते शिकवावं. तेवढं केलंत तर यंदाच्या सभेला दूरचेही येतील आणि ज्यांना जिना उतरवत नाही ते वरचेही येतील.