खेळ संपल्यावर पुढे काय?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या तालुक्यात हल्ली मुले फुटबॉल खेळताना दिसतात, आणि मुलीही. आयांचा मला नेहमीचा प्रश्न असतो, "बाई, ह्यात पोट भरेल का?" प्रश्न रास्त आहे. खेळाडूचे पाय फार तर पस्तिशीपर्यंत साथ देतात. पुढचे तीस वर्षांचे आयुष्य कशावर काढायचे? ह्याचे उत्तर मी उपदेशाने देत नाही. एका माणसाची हकिगत सांगते.

खालिद जमील ह्यांचा जन्म १९७७ साली कुवेतमध्ये, भारतीय आईबापांच्या पोटी झाला. पुढे ते मुंबईचे झाले. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफ. सी. अशा मुंबईच्याच तीन संघांतून ते खेळले, भारतातर्फेही खेळले. पण दुखापतींनी पिच्छा पुरवला, आणि २००९ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, खेळणे सुटले.

त्याच वर्षी मुंबई एफ. सी.ने त्यांना प्रशिक्षक नेमले. हा संघ काही श्रीमंत नव्हता. कूपरेजच्या मैदानाचे काम चालू होते तेव्हा तर घरचे सामने आपल्या शेजारी, म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात येऊन खेळावे लागत. तरीही सात वर्षे त्यांनी तो संघ खालच्या गटात घसरू दिला नाही. ह्यासाठी कोणी ढाल देत नाही, भगिनींनो! तुटपुंज्या पगारात महिना निभावून नेणाऱ्या गृहिणीला तरी कोण ढाल देते? पण ते काम किती अवघड, हे तुम्हांला मी सांगायला नको.

२०१६ साली त्यांचे ते काम सुटले. मग ते गेले कुठे? थेट मिझोरामला! तिथला आयझॉल संघ नुकताच खालच्या गटात घसरला होता. गोव्याच्या संघांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. अशा संघाचे त्यांनी नेतृत्व पत्करले. मुंबईचा जयेश राणेही त्या संघात होता. मोठ्या नावांचे खेळाडू नव्हते. होती ती पळण्याची तयारी आणि आपली जागा न सोडण्याची शिस्त. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला शेवटचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि आयझॉल ३७ गुणांनी आय-लीगचे विजेते ठरले. कोलकात्याचा बलाढ्य मोहन बागान एका गुणाने मागे राहिला. राष्ट्रीय लीग जिंकणारा ईशान्य भारतातला तो पहिला संघ.

त्यानंतर त्यांचे बिऱ्हाड पाठीवरच राहिले. कोलकात्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, दोन्हीकडे मुक्काम थोडाच. मग गुवाहाटी, बंगळूर, जमशेदपूर. इंडियन सुपर लीगमध्ये परदेशी प्रशिक्षकच आणण्याचा रिवाज होता. तिथे पूर्ण वेळचा मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमलेले ते पहिले भारतीय. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. सुरुवातीलाच ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवले. मात्र पुढे सिंगापूर आणि बांगलादेशाकडून हार पत्करावी लागली आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. हेही सांगितलेच पाहिजे. प्रशिक्षकाची नोकरी म्हणजे आज हार, उद्या निरोप.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. खालिद खेळत होते तेव्हा मोठ्या कंपन्यांचे संघ असत आणि चांगल्या खेळाडूला त्यातून नोकरी मिळे. तो आधार आता फारसा उरलेला नाही. महिंद्रचा संघ २०१० साली बंद झाला. बालेवाडीला खेळणारा पुणे एफ. सी.ही राहिला नाही. तेव्हा केवळ पायांवर विसंबून चालायचे नाही. मुलाने शाळा सोडायची नाही, हे पहिले. दुसरे असे की, खेळ शिकवणे ही आता रीतसर विद्या आहे. तिच्या परवान्यांच्या पायऱ्या आहेत: आधी डी, मग सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो. पहिली पायरी चढायला भारतातर्फे खेळलेले असावे लागत नाही. गावातल्या शाळेत मुलांना शिकवता येण्याइतकी तयारी तिथून सुरू होते.

आणि ही वाट मुलींनाही मोकळी आहे. गोव्याच्या मेमॉल रॉकी ह्या २०१७ साली भारताच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. त्या जागी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. तेव्हा मुलगी मैदानावर निघाली तर "उन्हात काळी होशील" म्हणून तिला अडवू नका.

पोट नक्की भरेल, असे वचन मी देत नाही. खालिद ह्यांनाही कोणी दिले नव्हते. पण जे आपल्याला येते ते दुसऱ्याला शिकवता आले, तर पाय थकल्यावरही माणूस मैदानाबाहेर पडत नाही. रेघेच्या कडेला त्याची जागा असते. मुलांना खेळू द्या, आणि त्या जागेची तयारीही आतापासून करू द्या.