मुलीला आधी सांगा

(पालक-विद्यार्थिनी मेळाव्यात एका महिला डॉक्टरांनी केलेले भाषण)



आजचा विषय मासिक पाळीचा आहे. विषयाचे नाव ऐकून जे भाऊ उठायच्या बेतात असतील त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी बसावे. ज्या घरात मुलगी आहे त्या घरात हा विषय एकट्या अम्मीचा नाही, अब्बांचाही आहे. औषधाचे पैसे, डॉक्टरकडे नेण्याचा निर्णय, शाळेतल्या संडासाची मोडलेली कडी, या गोष्टी आपल्याकडे बहुधा पुरुषांच्याच हातात असतात.

मला आज मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. मुलीला पाळी येण्याआधी पाळी म्हणजे काय हे सांगा. पुढे जे बोलणार आहे ते सारे या एका वाक्याचे स्पष्टीकरण समजा.

आपल्या बोलण्यात पाळीला किती आडवळणाची नावे आहेत पाहा. कोणी ‘अडचण’ म्हणते, कोणी ‘कावळा शिवला’ म्हणते, कोणी ‘मला नमाज नाही’ एवढेच सांगते. मोठ्या बायकांना त्यातले मर्म कळते. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला काहीच कळत नाही. एके दिवशी कपड्यावर रक्त दिसले की तिला वाटते, आपल्याला मोठा आजार झाला किंवा आपल्या हातून काही गुन्हा घडला. ती कोणाला बोलत नाही. हाताला लागेल ते फडके घेते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जात नाही. महिन्याला दोनच दिवस शाळा बुडाली तरी दहा महिन्यांत वीस दिवस बुडाले. गणिताचा एखादा धडा अशा दिवसांत होऊन जातो आणि मग ‘मुलीचे अभ्यासात लक्ष नाही’ असे आपण म्हणतो.

बहुतेक मुलींना पाळी १० ते १५ या वयात सुरू होते. त्याआधी साधारण दोन-अडीच वर्षे छाती वाढू लागते. म्हणजे निसर्ग आईला आधी सूचना देतो. ती खूण दिसली की सांगण्याची वेळ आली असे समजावे. फार मोठे व्याख्यान द्यायचे नाही. जवळ बसवून म्हणावे, “बेटा, तू मोठी होते आहेस. एक दिवस तुला लघवीच्या जागेजवळून थोडे रक्त जाईल. घाबरू नकोस. मलाही जाते, तुझ्या आपालाही जाते. तो आजार नाही. शाळेत झाले तर बाईंना सांग, घरी झाले तर मला सांग.” एवढे पुरे आहे. आई नसेल तर खाला, फुफी, दादी यांनी सांगावे. कोणीच नसेल तर बाईंनी सांगावे.

आता मुलींनो, शरीरात काय घडते ते ऐका. ओटीपोटात गर्भाशय नावाची पिशवी असते, साधारण मुठीएवढी. तिच्या दोन बाजूंना दोन बीजांडकोश असतात. दर महिन्याला त्यांतून एक बीज बाहेर पडते आणि त्याच्या तयारीसाठी गर्भाशयाच्या आतले अस्तर जाड होते. गर्भ राहिला नाही तर त्या अस्तराची गरज उरत नाही. ते सुटते आणि थोड्या रक्ताबरोबर बाहेर येते. हीच पाळी. हे रक्त ‘खराब’ नसते, शरीरात साठलेली घाण नसते. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. पाहताना ते जास्त वाटते एवढेच.

पहिली दोन-तीन वर्षे पाळी मागेपुढे होते. कोवळ्या वयात २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते. पुढे ते २१ ते ३५ दिवसांवर येते. रक्त दोन ते सात दिवस जाते. प्रत्येकीने वहीच्या मागच्या पानावर तारीख लिहून ठेवावी. रक्त दिसले तो पहिला दिवस. डॉक्टरांना ही वही उपयोगी पडते आणि रमजाननंतर राहिलेले रोजे मोजायलाही उपयोगी पडते.

रोज्यांचा विषय निघाला म्हणून सांगते. पाळीत नमाज माफ आहे. रोजा त्या दिवसांत धरायचा नाही, नंतर त्याची कजा करायची, हे आपण सर्व जाणतो. ही सवलत आहे, शिक्षा नाही. तरीही रमजानमध्ये कित्येक मुली भाऊ आणि अब्बा यांच्यापुढे रोजा असल्याचा देखावा करतात. दिवसभर पाण्याचा घोट घेत नाहीत, स्वयंपाकघरात दाराआड उभ्या राहून दोन घास गिळतात. ज्या दिवसांत शरीराला पाण्याची आणि अन्नाची गरज आहे त्याच दिवसांत ही उपासमार होते. घरातल्या पुरुषांनी ‘तू आज रोजा का नाही धरलास?’ हा प्रश्न कोणत्याही मुलीला विचारू नये आणि आईने तिचे जेवण उघडपणे ताटात वाढावे. हजरत आयेशा पाळीत असताना पैगंबरसाहेब (स.) त्यांच्याच पेल्यातून, त्यांनी जिथे ओठ लावले तिथूनच पाणी पीत, अशी नोंद हदीसच्या ग्रंथांत आहे. मग आपण मुलीला दूर का बसवायचे?

दुसरा गैरसमज अंघोळीचा. पाळी संपल्यावर गुस्ल करायचा असतो. त्यावरून काही घरांत असे धरले गेले की तोपर्यंत अंघोळच करायची नाही, केस धुवायचे नाहीत. गुस्ल पाकीसाठी आहे, रोजची अंघोळ स्वच्छतेसाठी आहे. पाळीत रोज अंघोळ करावी, कोमट पाण्याने केली तर दुखणेही हलके होते. बाहेरची जागा साध्या पाण्याने धुवावी. आत साबण किंवा डेटॉल कधीही घालू नये. लोणचे खाल्ल्याने, खेळल्याने किंवा केस धुतल्याने पाळी बिघडत नाही.

आता कापड आणि पॅड यांविषयी. सुती कापड वाईट नाही, ओले राहिलेले कापड वाईट. ते आधी थंड पाण्यात धुवावे म्हणजे डाग बसत नाही, मग साबण लावून खळखळून धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे. आपल्याकडे ते कपाटामागे किंवा दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवतात. तिथे ते दमट राहते आणि खाज, पुरळ, जंतुसंसर्ग यांना आमंत्रण मिळते. कोकणात पावसाळ्याचे चार महिने ऊनच नसते. त्या दिवसांत कापड वाऱ्यावर वाळवून गरम इस्त्री फिरवावी आणि कोरडे झाल्याशिवाय वापरू नये. पॅड वापरत असाल तर चार ते सहा तासांनी बदलावे, रक्त कमी असले तरी बदलावे. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकावे, संडासात टाकू नये. खर्चाचे म्हणाल तर पॅडवरचा वस्तू व सेवा कर जुलै २०१८ मध्ये रद्द झाला, आणि जनऔषधी केंद्रातल्या ‘सुविधा’ पॅडची किंमत ऑगस्ट २०१९ मध्ये नगाला १ रुपया करण्यात आली. अब्बांनी किंवा भावाने ते दुकानातून आणले तर त्यांची इज्जत कमी होत नाही.

दुखण्याविषयी दोन शब्द. अस्तर सुटताना शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते, त्यामुळे गर्भाशय आवळते आणि पोटात कळा येतात. पहिले एक-दोन दिवस थोडे दुखणे, कंबर भरून येणे, हे नेहमीचे आहे. गरम पाण्याची पिशवी, थोडे चालणे, यांनी बरे वाटते. डॉक्टरांनी ठरवून दिलेली वेदनाशामक गोळी कळा सुरू होताच, काहीतरी खाऊन घ्यावी. ती हे द्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून फार उशिरा घेतली तर तेवढी लागू पडत नाही. गोळीची सवय लागते, पुढे मूल होत नाही, ही भीती निराधार आहे. परंतु मुलगी दर महिन्याला अंथरुणाला खिळत असेल, गोळीनेही थांबत नसेल, तर ‘लग्न झाले की जाईल’ असे म्हणून तिला गप्प करू नका. त्यामागे उपचार करण्याजोगा आजार असू शकतो.

रक्ताच्या कमतरतेकडेही लक्ष वेधते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्त कमी आढळले. म्हणजे दर पाच जणींत तिघी. धाप लागणे, चक्कर येणे, धड्यात मन न लागणे, ही त्याची लक्षणे. घरात कलेजी शिजते तेव्हा पहिला तुकडा कोणाच्या ताटात पडतो, याचा विचार अम्मींनी करावा. मटण, कलेजी, पालेभाज्या, चवळी, कुळीथ, बाजरी यांत लोह असते. पालेभाजीवर लिंबू पिळावे, सोबत आवळा किंवा पेरू खावा म्हणजे लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जाते. शाळेत आठवड्याला एक निळी लोहगोळी मिळते, ती खिडकीबाहेर फेकू नका. उपाशीपोटी घेतली तर मळमळते, म्हणून जेवून घ्या. शौचाला काळे होते, त्याने घाबरू नका.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? आठव्या वर्षाआधीच छाती वाढू लागली तर. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही तर. सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही तर. रक्त सात दिवसांपेक्षा जास्त गेले, तासा-दोन तासांत पॅड भिजू लागले किंवा मोठ्या गाठी पडू लागल्या तर. दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसले तर. पहिल्या पाळीपासूनच फार रक्त जात असेल तर रक्त गोठण्यातला जन्मजात दोष असू शकतो आणि तो तपासणीने कळतो. लेडी डॉक्टरच पाहिजे असा आग्रह असेल तर जरूर धरा, पण त्या आग्रहापायी महिने घालवू नका.

पालकांनो, शेवटचा मुद्दा. पाळी आली म्हणजे मुलगी संसाराला तयार झाली असे नाही. तिची हाडे अजून वाढत असतात, कंबरेचे हाड अजून रुंद व्हायचे असते. अठरा वर्षांआधीचे बाळंतपण आईला आणि बाळाला दोघांनाही धोक्याचे असते. पाळी सुरू झाली म्हणून सातवीत शाळा सोडवली तर तिची पुढची सारी वर्षे आपण एका शारीरिक घटनेला देऊन टाकतो. आणि आपल्या संस्थेच्या चालकांना माझी विनंती आहे की मुलींच्या संडासाला कडी, नळाला पाणी, कोपऱ्यात झाकणाचा डबा आणि बाईंच्या कपाटात चार पॅड एवढी व्यवस्था ठेवावी. या चार वस्तूंना मोठी देणगी लागत नाही.

मुलींनो, तुमच्यापैकी जिला आज पाळी सुरू आहे तिने मान खाली घालून बसायचे कारण नाही. घरी धाकटी बहीण असेल तर आज रात्री तिला जवळ घेऊन सर्व सांगा. तुम्हाला कोणी सांगितले नसेल तरी तिला तुम्ही सांगा.