आकडा, वायदा आणि कायदा
(रत्नागिरी येथील बैठकीतील भाषण)



रत्नागिरीत कापूस पिकत नाही, पण आकडा इथेही सगळ्यांना ठाऊक. तो आपल्या कापसातूनच निघाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे खुलते-बंद भाव तारेने मुंबईत यायचे, त्यावर लोक पैसे लावायचे. १९६० नंतर ते भाव येणे थांबले, मग मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. मटका तो हाच.

१८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातून निव्वळ कौशल्याचा खेळ सुटतो. मोबाईलवर पैसे भरून क्रिकेटचा संघ निवडणे हे कौशल्यच, असे २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले. पोरे लागली नादाला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्राच्या नव्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य असो की नशीब, पैशाचे ऑनलाइन खेळ चालवायला बंदी. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. गेलेला पैसा मात्र गेलाच.

ठीक. पण याच सरकारने २०२१ मध्ये सोयाबीन, हरभऱ्याचे वायदेही बंद केले. घरात माल असलेला शेतकरी पुढचा भाव आज बांधून घेतो, तो जोखीम कमी करतो. क्रिकेटवर पैसे लावणारा नसलेली जोखीम विकत घेतो. दिल्लीने दोघांना एकाच दावणीला बांधले.