पांडेसरा ते मुल्हेर
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या मंगल प्रसंगी आपण मला बोलावलेत, हा मी माझ्या वडिलांचा सन्मान समजतो. तरुणपणी ते याच ग्रंथालयाचे सभासद होते. पुढे पोटासाठी सुरतेस गेले आणि पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, कापडाच्या रंगाई-छपाईत त्यांचे आयुष्य गेले. माझा जन्म तिकडचाच.

इटलीतील डोंगरी नगरांचे एक प्रवासवर्णन त्यांनी येथेच वाचले होते. सिएना, सान जिमिन्यानो यांसारख्या नगरांत जुन्या तटांच्या आत आजही माणसे नांदतात, याचे त्यांना फार नवल वाटे. ते म्हणत, "असे नगर आपल्या बागलाणातही होते. गुडघे चालताहेत तोवर मला मुल्हेर दाखवा." काही वर्षांपूर्वी दिवाळीत कारखाने बंद झाले, तेव्हा भाड्याची जीप करून आई-वडील, पत्नी आणि सातवीतली मुलगी यांच्यासह आम्ही निघालो.

बारडोली, व्यारा मागे टाकून सोनगडला आलो. येथल्या किल्ल्याच्या आधाराने पिलाजीराव गायकवाडांनी गुजरातेत पाय रोवले आणि पुढे बडोद्याचे राज्य उभे राहिले. त्यानंतर नवापूर. सतराव्या शतकात तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेने गेला. नवापूर विणकरांनी भरलेले आहे आणि तेथल्या बारीक तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असे त्याने लिहून ठेवले. गावी जाताना याच रस्त्याने आम्ही शेकडो वेळा गेलो असू. पण एसटीच्या खिडकीतून कधी धड पाहिले नव्हते. आज या पट्ट्यातली किती माणसे सुरतेच्या मागांवर काम करतात, हे मनात आले आणि तो तीनशे वर्षांपूर्वीचा प्रवासी आपल्यातलाच वाटू लागला.

कोंडाईबारीच्या घाटात मुलीने विचारले, "बाबा, शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, असे शाळेत शिकवतात. घरी आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो. मग आपण लुटणाऱ्यांतले की लुटलेल्यांतले?" मला उत्तर सुचले नाही. वडीलही गप्प राहिले.

साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद करीत मुल्हेरला पोहोचलो. मोसम नदीकाठचे हे गाव. वर मोरा, मुल्हेर आणि हरगड अशी डोंगरांची रांग. याचे जुने नाव मयूरगिरी, बागूल राजांची राजधानी. अबुल फजलाने 'ऐन-ए-अकबरी'त मुल्हेर आणि साल्हेर यांची नोंद केली आहे. 1638 मध्ये औरंगजेबाने, तेव्हा तो शाहजादा होता, बागलाण जिंकले आणि ते राज्य संपले. सुरतेवरील दुसऱ्या स्वारीनंतर, ऑक्टोबर 1670 मध्ये, महाराजांचे सैन्य बागलाणातून, मुल्हेरजवळूनच परतले, आणि पुढे दिंडोरीजवळ त्याची मोगलांशी लढाई झाली.

वडिलांना चढवेना. उद्धव महाराजांच्या समाधिमंदिरात आईला त्यांच्यापाशी ठेवून आम्ही माचीवर गेलो. तळ्याकाठचे गणेश मंदिर, सोमेश्वराचे देऊळ, झाडीत बुजलेली जोती आणि पडक्या भिंती. देवळांत दिवा लागतो. घरे मात्र उरली नाहीत. परतल्यावर मुलगी पाहिलेले सारे आजोबांना सांगत राहिली आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले.

मग ते म्हणाले, "घाटात विचारलेस ना? ऐक. महाराजांना राज्य राखायचे होते, त्यासाठी धन लागले. ज्यांचे गेले त्यांचे दुःखही खोटे नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या मानायला शीक. आपण सुरतेला गेलो ते हात घेऊन गेलो. त्या गावाने काम दिले, आपण घाम दिला. तिकडे मान खाली घालू नकोस, आणि इकडे आल्यावर सुरतेला नावे ठेवू नकोस."

हे शहाणपण त्यांना कुठून आले, याचा मी पुष्कळ विचार केला. त्याचे बरेचसे श्रेय या कपाटांना आहे. मयूरगिरीच्या दरबारातील रुद्रकवीने 1596 मध्ये 'राष्ट्रौढवंशमहाकाव्य' रचले. नगर ओसाड झाले; पोथी टिकली, आणि 1917 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेत ती छापली गेली. ती ग्रंथमाला ज्यांच्या आश्रयाने निघाली, ते सयाजीराव महाराज मालेगाव तालुक्यातील कवळाण्याचे, म्हणजे मुल्हेरच्याच मुलुखातले. एका परगण्याची आठवण अशी परगणा सोडून गेलेल्या माणसाने जपली.

त्याच सयाजीरावांनी 1910 पासून बडोदे संस्थानात ग्रंथालयांची चळवळ उभारली आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी धाडल्या. म्हणून शताब्दीच्या निमित्ताने एक विनंती करतो. आपल्या ग्रंथालयाची अशी एक पेटी दर दिवाळीनंतर पांडेसऱ्यास यावी. ने-आण आणि जपणूक मी पत्करतो. माझी मुलगी मराठी बोलते, पण अडखळत वाचते. तिच्यासारखी मुले आमच्या प्रत्येक गल्लीत आहेत. आजोबा जे सांगून जातात ते पुढे तपासून पाहायला त्यांच्या हाताशी पुस्तक हवे.

वडील आता नाहीत. त्यांचे जुने सभासदपत्र मात्र मी आज बरोबर आणले आहे. त्याच क्रमांकावर नातीचे नाव घालता आले, तर मी आपला ऋणी राहीन.